शिबिराचा चौथा दिवस

मे महिना. जालन्याच्या मिशन कंपाउंडात
बाक एकावर एक रचून
वर्गांत सतरंज्या अंथरलेल्या.
फळ्यावर एप्रिलमधलं गणित तसंच, अर्धवट,
आणि त्याच्या डोक्यावर रंगीत खडूनं
'युवा शिबिरात स्वागत'.

दुपारी दोनला पत्रे कडकड वाजायचे,
वर कुणी चालत असल्यासारखे.
अंबडची सुवार्ता म्हणाली, देवदूत.
आशेर म्हणाला, वानरं.

मला आईनं पाठवलं होतं.
बॅगेत वचनांची वही, शेंगदाण्याची चटणी
आणि एक सूचना :
उभं राहा म्हणतील तेव्हा उभी राहा.
म्हणजे शेवटच्या संध्याकाळी
दिवे मंद करून, पेटी हळू वाजवत
विचारतात ना, कोण येतंय पुढे, तेव्हा.
मागच्या वर्षी मी बसूनच राहिले.
बातमी माझ्याआधी परभणीला पोचली,
मावशीच्या फोनवरून.

चौथ्या दिवशी टँकर आला नाही.
वेणीत तीन दिवसांची धूळ गुंफलेली.
लोंढे सरांनी आम्हाला विहिरीवर नेलं.
"दुष्काळात खोदली ही. ज्यांना गावच्या पाण्याला
हात लावू देत नव्हते, त्यांच्यासाठी.
म्हणजे आपल्यासाठी."
आम्ही वाकून पाहिलं.
तळाशी कबुतरं, आणि एक निळी चप्पल.
आपल्यासाठी
हा शब्द खाली गेला
आणि कोरडाच वर आला.

संध्याकाळी पाय धुण्याचा कार्यक्रम.
परात मांडलेली, नवे टॉवेल घडी घातलेले,
पाणी नाही.
सातला टँकर आला, तोही अर्धा.
त्याच्या मागोमाग गल्लीतल्या बायका.
मागितलं कुणीच नाही काही,
फाटकाबाहेर नुसते हंडे ओळीत ठेवले,
रोज जिथं ठेवतात तिथं ठेवल्यासारखे.

खरं सांगते, मला दया वगैरे आली नाही.
मला केस धुवायचे होते.
सरही काही बोलले नाहीत,
ते आमच्याकडे बघत होते, आम्ही टँकरकडे.

तेवढ्यात योनाथाननं नळी ओढली.
योनाथान म्हणजे तो,
ज्याला चार दिवसांत एकही वचन पाठ झालं नाही,
जो सुट्टीत सळयांच्या कारखान्यात जातो
आणि प्रार्थनेत घोरतो.
तो नळी घेऊन सरळ फाटकाकडे चालू लागला,
नळी जड होती, घसरत होती,
म्हणून मी मधे धरली. एवढंच.
माझ्या मागे सुवार्तानं.
तेरा हंडे, दोन कळशा, एक रंगाचा डबा.
माझ्याच वयाची एक पोरगी, ओढणी कमरेला खोचलेली,
म्हणाली, "बास गं. तुमाला बी ऱ्हाऊ द्या."

राहिलं ते स्वयंपाकाला.
परातीत एक तांब्या.
सरांनी टॉवेल भिजवला, पिळला,
पहिला नंबर योनाथानचा.
त्यानं पाय झटकन मागे घेतले,
टाचा फाटलेल्या, पावलांवर ठिणग्यांचे काळे ठिपके,
"नको सर. तुमी नको. घाण हायेत."

कुणीतरी हसलं, मग थांबलं.
मला तो उतारा तोंडपाठ होता,
शहाण्णव गुण मिळाले होते मला त्या पाठांतरात.
त्याला पाठ नव्हता.
त्याच्या तोंडून तो तसाच बाहेर आला,
जणू आत्ताच पहिल्यांदा घडतोय.
सरांचे हात थोडा वेळ परातीतच राहिले.

बाहेर कुणाचा तरी हंडा
डोक्यावर चढताना हिंदकळला,
तो आवाज मी अजून ओळखेन.

शेवटच्या संध्याकाळी पेटी वाजली.
मी उभी राहिले की नाही
ते मावशीला विचारा.

घरी आईनं वेणी सोडली,
फरशीवर जालन्याची माती सांडली.
बडबडत तिनं बादली भरून दिली, काठोकाठ.
मी दार लावलं
आणि तांब्या हातात धरून
बराच वेळ तशीच बसून राहिले.