चौदा खुर्च्या

वॉल्सॉलच्या स्काउट हॉलचं भाडं तासाला अठरा पौंड,
हीटर वेगळा.
रविवारी आधी कालच्या वाढदिवसाचा केक
फरशीवरून खरवडतो,
मग खुर्च्या मांडतो.
वीस मांडल्या तर नऊ रिकाम्या डोळ्यांत भरतात,
अकराच मांडल्या तर
माझा विश्वासही तेवढाच दिसतो.
म्हणून चौदा.

उपदेश खिशात आहे.
रात्रपाळीत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलेला,
मागे छापलंय : सांभाळून उचला.

उजागरेबाई पावाचे तुकडे मोजून करतात,
माणशी एक,
आणि एक जास्तीचा. का, ते विचारायचं नाही.

बर्फ पडला त्या रविवारी आम्ही दोघंच.
गीताचा सूर मी फार वर धरला,
दुसऱ्या कडव्यात अडकलो.
कुलूप लावायला आलेला नेव्हिल
दाराशी किल्ल्या वाजवत होता.
त्या थांबल्या.
टोपी काढून तो शेवटच्या खुर्चीवर बसला.

बाईंनी ताटली पुढे केली.
"मी यातला नाही," तो म्हणाला.
"आम्ही तरी कुठे होतो," बाई म्हणाल्या,
चक्क मराठीत.

हीटरचे पैसे त्या दिवशी त्यानं घेतले नाहीत.
भाड्याचे घेतले.