मुठ्ठी खोलो, काका

मकरपुऱ्यातल्या पॉवरप्रेसनं हात नेला
त्याला सात वर्षं झाली.
मूठ मात्र माझ्याकडेच राहिली,
मिटलेली. रात्री नखं रुततात
नसलेल्या तळव्यात.

हेतल दंडावर तीन गार चकत्या चिकटवते.
"मुठ्ठी खोलो, काका."
पडद्यावर हिरवी रेघ. सपाट.
पुन्हा. सपाट.
बडोद्यात जन्म गेला; हिशेब, उधारी,
युनियनची भांडणंसुद्धा गुजरातीतच केली मी.
ही शीरच तेवढी ऐकेना.

मग डोळे मिटले.
दांडिया बाजारच्या जिन्यात अडवून
आई म्हणायची, काय लपवलंयस रे?
तिच्याच आवाजात, ओठ न हलवता
म्हटलं: दाखव.

रेघ उसळली.
टेबलावरचा काळा प्लास्टिकचा हात
किर्र करत उघडला,
जरा उशिरानं,
चोरी पकडलेल्या पोरासारखा
एकेक बोट.

आत काही नव्हतं.
तरी मी वाकून पाहिलं,
त्या दिवशी चिमटीत धरलेला
तेलकट वॉशर, पाच नंबरचा,
स्टोअरला परत करायचा राहिलेला.

"हवे बंध करो," हेतल म्हणाली.
थांब पोरी.
सात वर्षांनी सुटलीये,
जरा वारा लागू दे.