नदी उतरू नये

रविवारी सकाळी दहाला, सदाशिव पेठेतल्या सभागृहात
चौदा माणसं. त्यातली दोन पंख्याखाली बसायला आलेली.
फळ्यावर खडूनं:
'सेनानी म्हणून दिवाण गोमाजी विठ्ठल : एक फेरविचार.'
खाली माझं नाव, हुद्द्यासकट. हुद्दा चुकलेला.

मी पुरवठा खात्यातला माणूस.
तीस वर्षं पीठ, डिझेल, खेचरांचे नाल मोजले,
निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो
आणि सहा हिवाळे दफ्तरात
एकाच रुमालाची गाठ सोडत आणि बांधत राहिलो.

तुम्हाला ठाऊक आहे ती गोष्ट अशी:
खैरदऱ्याचं राज्य बुडालं एका चिठ्ठीनं.
दिवाण गडावर, हातात तलवार नाही, बोरू.
पलीकडे पायदळ कापलं जातंय,
अलीकडे सरदार जाखोजी रणपिसे, दोन हजार घोडा,
रिकिबीत पाय,
आणि वरून हुकूम: नदी उतरू नये.

मीही हेच ऐकत वाढलो.
शाळेत खो मिळूनही कुणी बसून राहिला
की मास्तर ओरडायचे, 'ऊठ की रे गोमाजी!'

रुमालात त्या एका दिवसाची पत्रं आहेत एकेचाळीस.
एकेचाळीस.
दारू किती, पैकी भिजली किती.
बैलांस सरकी पावली की नाही.
डावे बगलेचे बारगीर उजवीकडे यावे.
उजवीकडे आले असल्यास माघारे जावे.
सरकीचे काय जाहले, ते लिहिले नाही.

सरकीबाबत त्याचं बरोबर होतं.
आकडा न् आकडा मी पडताळलाय:
त्याच्या तोफा चिखलात रुतल्या नाहीत
कारण त्याचे बैल पोटभर खाल्लेले होते.
असा हिशेब ठेवणारा साहेब मला नोकरीत एकच भेटला.
तोही कुणाला आवडत नसे.

पण माणसावर विसंबणं त्याला साधलं नाही.
प्रत्येक पत्र आधीच्या पत्राच्या मानगुटीवर.

आणि पाचव्या हिवाळ्यात, किरकोळ खर्चाच्या वहीत, ही ओळ:
'सटवा सांडणीस्वार, सांडणी लंगडी जाहली,
दिवस मावळता पोहोचला, सबब निम्मी मजुरी.'

ते पत्र याच सटव्याच्या पागोट्यात होतं.
दिवस मावळता.
लढाई दुपारीच आटोपली होती.
म्हणजे जाखोजी थांबला तो हुकमावाचून.

पहिल्या रांगेत रणपिसे घराण्याचे आजचे गृहस्थ,
मांडीवर घडी केलेली छत्री. ते उठले.
'म्हणजे आमचे पूर्वज भित्रे?'
म्हटलं, पाणी चढलं होतं. मीही थांबलो असतो.
'मग दिवाण निर्दोष, असं तरी म्हणा.'
तेही म्हणवत नाही, साहेब.
पत्र पोचलं नाही, पण लिहिलं होतं.
अक्षर त्याचंच आहे,
वर वाळू टाकून नीट वाळवलेलं.

हे मात्र मी तिथे बोललो नाही:
एकाहत्तरच्या डिसेंबरात
'ट्रक मागे घ्या' हा बिनतारी संदेश मला रात्रभर उशिरा मिळाला.
तोवर मी ट्रक पुढे नेले होते.
त्याचं पदक घरी आहे, काचेच्या कपाटात, बश्यांच्या मागे.
संदेश कुणी पाठवला होता,
मी कधी विचारलं नाही.

अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.
बेचाळिसावं पत्र वाचायचं राहिलं, ते इथे उतरवतो.
सगळं सरल्यावर, मध्यरात्रीचं:

'नावाडियाने जखमी पार केले, आपला परका न पाहिला.
त्यास रुपये दोन द्यावे.
सटव्याची मजुरी कापू नये, सांडणी लंगडली त्यास तो काय करील.
बहुत काय लिहिणे.'

नावाड्याचे दोन रुपये वहीत सापडत नाहीत.
सटव्याची निम्मीच आहे.