कळवणची गाडी

बुधवारी अकराला फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवतो.
मंदा कुकरखालचा गॅस बंद करते, मधेच शिट्टी नको म्हणून.
पडद्यावर आधी माझंच तोंड येतं,
डावीकडे जरा ओघळलेलं,
मग परळहून कोळी मॅडम.

"गांगुर्डे काका, पाणी घेतलं का जवळ?"
घेतलंय. दर दोन वाक्यांना घोट लागतो.
तेहेतीस वेळा शेकल्यावर तोंडात थुंकी उरली नाही.
ज्यानं तंबाखूपायी स्टँडचे कोपरे रंगवले
त्याला हे बरोबरच झालं,
असं मंदा म्हणत नाही.
फार स्पष्ट म्हणत नाही.

आधी काड्या.
आइस्क्रीमच्या चपट्या काड्या, एकावर एक,
दातांमधे सारायच्या, जबडा आखडू नये म्हणून.
दिवाळीत नऊ जात होत्या. आज तेरा.
चौदावीला डोळ्यांत पाणी आलं.
मॅडम म्हणाल्या, राहू द्या आज.

मग अक्षरं.
क येतो. तो घशाजवळचा, त्याला कुणी हात लावला नाही.
प आणि म ओठांचे, ते शाबूत.
त लडबडतो.
ट ला टाळू सापडत नाही.
आणि ळ.

"जीभ मागे वळवा, काका."
वळव म्हटल्यावर वळायला ती सगळी माझी कुठंय?
अर्धी जुनी, अर्धी डाव्या मनगटाची.
तिथली कातडी काढून डॉक्टरांनी तोंडात शिवली,
बरोबर जिथं मी घड्याळ बांधायचो.
दोन-तीन केसही उगवलेत तिच्यावर.
तिला अजून वाटतं, आपण हातच आहोत.

एकतीस वर्षं जुन्या सीबीएसच्या केबिनमधे, माइकसमोर:
देवळा, कळवण, पिंपळगाव, देवळाली,
येवला वीस मिनिटं उशिरानं.
तेव्हा कधी लक्षात आलं नाही
की या जिल्ह्यात ळ शिवाय फार लांब जाता येत नाही.
ळ नं एकही शब्द सुरू होत नाही.
तो कायम मधे, नाहीतर शेवटी,
सीट न मिळालेल्या पॅसेंजरसारखा
वरचा दांडा धरून उभा.
तो उतरला तेव्हा कळलं,
गाडी कुणाच्या वजनावर तोललेली होती.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटा बाहेर पडलो,
रिक्षावाल्याला म्हटलं, उत्तमनगर.
त्यानं मला वरून खाली पाहिलं,
"काका, दुपारी बारालाच?" म्हणाला, आणि निघून गेला.
आता पत्ता लिहून खिशात ठेवतो.

मॅडमना मी कोई मॅडम म्हणतो.
इच्छा नसते, तसंच निघतं.
त्या हसल्या पहिल्या दिवशी,
"कोई म्हणजे कुणीतरी. सध्या तेही चालेल."
त्यांनीच मग तक्ता बाजूला ठेवला.
"कमळ, बाळ, फळ सोडा. तुमच्या गाड्या पुकारा."
मी पुकारतो. त्या पलीकडे कागदावर लिहितात,
कुठली कळली, कुठली नाही.
मागच्या बुधवारी अकरापैकी चार लागल्या फलाटाला.
बाकीच्या रस्त्यातच.

आज सातवीला नेटवर्क गेलं.
सिडकोत हे नेहमीचं.
मॅडमचा चेहरा थिजला, तोंड अर्धं उघडं,
एक भुवई वर.
नियमानं थांबायला हवं होतं.
मी घोट घेतला,
जीभ म्हणा, मनगट म्हणा, जे काय आहे ते
मागं ढकललं, टाळूला टेकवलं,
"कळवण."

ळ चा पुरता ळ नव्हता तो.
ड आणि ल च्या मधे कुठंतरी
खड्ड्यातून गेल्यासारखा गेला.
पडद्यावर भुवई तशीच वर.

मोरीतला नळ बंद झाला.
आतून मंदानं विचारलं,
"कितीची?"