जनरल रजिस्टर

गंगावणे मामा रोज सात कुलपं लावतात.
फाटकाचं, जिन्याचं, प्रयोगशाळेचं,
खिचडीच्या तांदळाच्या खोलीचं,
आणि प्रत्येक कुलपाला लावून झालं की
खाली एक हिसका देऊन बघतात.
चौतीस वर्षांत आमच्या विक्रोळीच्या शाळेतून
फक्त घंटा चोरीला गेली,
तीही पितळेची होती म्हणून.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड होता
शाळेचं नाव आणि स्थापनेचं साल.
तेच, जे फाटकावर लोखंडी अक्षरांत आहे,
दर जूनमध्ये निळा रंग देऊन आम्ही ठळक करतो.
तरी विसरायला नको म्हणून
मी तो स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता,
माझ्याच टपोऱ्या अक्षरात.

मंगळवारी मेल आला.
शिष्यवृत्तीची यादी, आजच शेवटची तारीख.
शेवटची तारीख म्हटलं की माझा हात आपोआप चालतो,
सत्तावीस वर्षं दुसरं काय केलं?
नाव विचारलं, पासवर्ड विचारला. दिला.
काहीच उघडलं नाही.
म्हटलं, नेट गेलं असेल,
आणि डबा काढला. कारल्याची भाजी होती.

गुरुवारी फरझाना मॅडम धापा टाकत वर आल्या.
सातवीच्या पालकांना शाळेच्या नावानं मेसेज,
सहलीचे अठराशे रुपये या नंबरवर भरा.
मुलाचं नाव बरोबर, तुकडी बरोबर,
जन्मतारीखसुद्धा.
नऊ जणांनी भरले.
एकीनं विनंती करून दोन हप्त्यांत भरले.
चोरानं सवलत दिली तिला,
आम्ही मागच्या वर्षी दिली नव्हती.

हेडबाई म्हणाल्या, पैशाचं बघू काहीतरी.
मी पैशाचा विचार करत नव्हते.

सातवी ब, एकतीस नंबर.
ऑगस्टमध्ये, मधूनच आलेली.
तिची आई माझ्या टेबलाला धरून उभी होती.
पत्ता लिहायलाच हवा का हो?
मी म्हटलं, रकाना आहे ना,
रिकामा ठेवता येत नाही.
शाळेबाहेर कुठे जात नाही, लिहा.
तिनं बाही खाली ओढली, मनगटापर्यंत,
आणि खोली नंबर इतक्या हळू सांगितला
की मला दोनदा विचारावं लागलं.
वडिलांना कळवायचं नाही, म्हणाली.
आधी मी ते रजिस्टरमध्ये लिहिलं, मग कॉम्प्युटरमध्ये.
रजिस्टर कपाटातच आहे. सातवं कुलूप.

सायबर ठाण्याचा मुलगा आला, माझ्या भाच्याएवढा.
पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता?
मी म्हटलं, ज्याला वाचता येतं त्याला.
तो हसला नाही. लिहून घेतलं.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी पायऱ्या चढून गेले,
कुठल्या टेकडीवर ते इथे सांगत नाही.
वाटेत वाक्य जुळवत होते,
माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे,
परिपत्रकात असतं तसं.
दारात तिला पाहिलं आणि म्हटलं,
माझ्या हातून चूक झाली.
ती ओरडली नाही.
आधी कडी लावली, मग म्हणाली, बसा.
मग विचारलं, किती दिवस आहेत आमच्याकडे?
मुलगी कोपऱ्यात भूगोलाचा नकाशा रंगवत होती.
तिनं निळी पेन्सिल खाली ठेवली नाही.

दाखला मी हातानं लिहिला.
शाळा सोडण्याचं कारण: पालकांची विनंती.
कुठे गेल्या ते मला माहीत आहे.
ते कुठेच लिहिलेलं नाही.

नवा पासवर्ड सोळा अक्षरांचा.
पहिल्या आठवड्यात चार वेळा चुकला,
फरझाना मॅडमनी चारही वेळा न रागावता
पाठ वळवून उभं राहून तो मला टाकू दिला.
सोमवारी मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले.
याची एक जादा किल्ली करून ठेवू का बाई?
म्हटलं, याला जादा किल्ली नसते, मामा.
ते जरा वेळ उभे राहिले.
मग स्क्रीन काळी झाल्यावर
तिच्या कडेला धरून
खाली एक हिसका देऊन बघितला.