घट

पावती क्रमांक चारशे एकतीस.
वेंगुर्ला बंदर, सकाळी सहा दहा:
कोळंबीची टरफलं, बांगड्यांची डोकी, आतडी,
सहाशे चाळीस किलो.
खतशेड, सात पाच:
पाचशे ब्याण्णव.

मधल्या अठ्ठेचाळिसांना
माझ्या रजिस्टरात रकाना नाही.

रुझार टेंपोतून उतरतो, हात लुंगीला पुसतो.
“पाणी गळता, बाय.
टरफलांका काय कुलूप लावतलंय?”
मोबाइलवर त्याचा निळा ठिपका
भटवाडीच्या वळणावर नऊ मिनिटं उभा.
नऊ मिनिटांत किती पाणी गळतं
हे नियमावलीत दिलेलं नाही.

ओरोसहून साहेब आले.
खुर्ची वाऱ्याच्या वरच्या अंगाला ओढून म्हणाले,
दोन टक्के घट चालेल, त्यावर खुलासा.
चहा अर्धा ठेवून गेले.

रविवारी काटा बंद. स्कूटर काढली,
गेले वळणावर.

गडग्यापलीकडे सात माड.
सहांच्या बुडाशी माती नुकती ओढलेली,
मातीतून एखादं खवलं
नखासारखं चमकणारं.
सातव्याचं आळं उकरून तयार,
फावडं खोडाला टेकवलेलं.
कुणीच नव्हतं. एक मांजर होतं,
त्याने माझ्याकडे
मीच उशिरा आल्यासारखं पाहिलं.

आज घट एक्कावन्न.
रुझार काही बोलला नाही, मीही नाही.
काट्यावरचा आकडा जरा हलत राहिला, मग थांबला.

शेऱ्यात लिहिलं: पाणी.
शाई वाळू दिली.
मग समासात, पेन्सिलने,
खोडता येईल इतकं फिकट:
सातवा.