पाच गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा. मिश्रणे वेगळी करण्याच्या
कोणत्याही पाच पद्धती उदाहरणांसह लिहा.

सातवी ब, एक्केचाळीस पेपर,
आणि आज पाण्याची पाळी, पाचव्या दिवशी.
नळ किती वाजता सुटेल
ते वॉल्व्हवाल्यालाच ठाऊक.
म्हणून जागी आहे. लाल पेन, पालथ्या घागरी.

बहुतेकांनी पुस्तकच उतरवलंय:
वेचणे, चाळणे, गाळणे, निवळणे.
चहाची गाळणी एकोणीस जणांनी काढलीय,
एकाच्या गाळणीला भोकंच नाहीत.

मग भुदेवी येमूल, हजेरी क्रमांक सत्तावीस,
राहणार विडी घरकुल.

“एक. वेचणे. आई पानं भिजवते, फाटकी बाजूला काढते.
फाटक्या पानाची विडी कारखान्यात छाटतात.
छाट म्हणजे तिचे पैसे नाहीत.

दोन. चाळणे. तंबाखू. तोंडाला ओढणी बांधून.

तीन. पाखडणे. मावशी सोरेगावहून ज्वारी आणते, मालदांडी.
सुपात फोलपट उडतं, खडा उडत नाही.
खड्यासाठी घोळावं लागतं.
बाई, घोळणे पुस्तकात का नाही?

चार. चुंबक. मामा यंत्रमागावर टॉवेल विणतो.
खालच्या सुताच्या केरातून
फुटक्या स्पीकरचा चुंबक फिरवतो,
नट निघतात, एकदा आईची सुई निघाली.

पाच.”

पाचच्या पुढे बरंच खोडलंय,
कागद फाटेपर्यंत. त्याखाली बारीक अक्षरात:

“तंबाखूचा वास आणि आईचा हात.
साबण लावला. लिंबू लावलं. राख लावली.
भाकरीला पण येतो.
याची पद्धत येत नाही.”

उत्तरसूचीत पाचवं आहे बाष्पीभवन.
मीठ आणि पाणी, उन्हात ठेवलेली बशी.
सोलापुरात उन्हाला काय तोटा,
बशी दुपारपर्यंत कोरडी.

आमच्या बाबांना मिलचा वास होता,
तेल, ओलं सूत आणि भोंग्यानंतरची विडी.
आई त्यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची
आणि रोज तेच बोलायची.
मिल बंद पडली. वर्षभरात
वास आपोआप गेला,
कुठलीही पद्धत न वापरता.
त्यानंतर बाबा दारातून आत आले
तरी घरात कुणाला कळायचं नाही.
आई ती बादली घेऊन
मोरीत नुसतीच बसून राहायची.

हे मी भुदेवीला कसं लिहू?
समासात जागा दोन बोटांची.

पाचच्या पुढे एक गुण लिहिला.
खोडला. अर्धा लिहिला.
अर्ध्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात नळाने घसा खाकरला,
हवा, हवा, मग पिवळसर धार.
शेजारच्या मल्लवाबाई कन्नडमध्ये ओरडल्या, “नीर बंतु!”
गल्लीभर दिवे लागले,
घागरींवर घागरी आदळल्या.

अडीचला शेवटचा हंडा भरला.
तुरटीचा खडा हातात धरून
पाण्यात गोल फिरवला, वीसपर्यंत मोजत.
आता हात लावायचा नाही,
गाळ आपला आपण खाली बसेल.

ओल्या बोटांनीच परत पेपर घेतला.
तिसऱ्या उत्तरासमोर लिहिलं:
घोळणे, बरोबर. पुस्तकाची चूक.
त्यावर थेंब पडून ‘चूक’ जरा पसरलं.

पाणी निवळायला तासभर तरी लागेल.
पाचवं तसंच ठेवलंय.
अठ्ठावीस क्रमांक, इरफान बागवान:
वेचणे. चाळणे.